नवस त्याचा, पाय माझे

जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार, झालेल्या पेशंटच्या घरच्यांचे मला फोन येतात. आमच्या डॉक्टरांनी मला विचारून माझा नंबर देऊन ठेवलाय. कधी देगलूरहून, कधी उदगीरहून, कधी नांदेडातूनच, दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून कुणीतरी दबक्या आवाजात बोलत असतं. आधी विचारतात, पूर्ण बरं होतं का. मग विचारतात, किती काळ लागतो. आणि मग जरा थांबून, "ताई, तुम्ही कुठं बोलला होतात?"

बोलणं म्हणजे नवस बोलणं. मी सांगते, मी कुठंच बोलले नाही, मी देव मानत नाही. कुणाला वाटतं मी लपवतेय. कुणी घाईनं म्हणतं, "तुम्ही न्हाई, पण घरचे?"

तिथं उत्तर लांबतं. ते फोनवर मावत नाही म्हणून लिहायला बसलेय. बोटं अजून लवकर थकतात, तेव्हा बसेल तसं, तुकड्या-तुकड्यांनी.

आधीचं थोडं

मी मूळची लातूरकडची, औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. लहान होते तेव्हा भूकंपात आमचं घर पडलं. आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळं गाव दमून झोपलं होतं. मला आणि आईला लोकांनी ढिगाऱ्यातून काढलं. धाकट्या भावाला काढलं तेव्हा तो गेलेला होता. आई पुढं आयुष्यभर म्हणत राहिली, देवानं माझी पोरगी ठेवली. मी तेव्हापासून देवाला काही म्हटलं नाही. रागानं नाही. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं. एकाच दगडमातीखालून आई श्रद्धा घेऊन बाहेर आली आणि मी न घेता. त्यावरून आम्ही मायलेकी कधी भांडलो नाही.

मोठी झाले, नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. तिथंच दिगंबर भेटला. शाळेत गणित शिकवतो. नाव माहूरच्या दत्ताचं, पण तोही माझ्यासारखाच, असं तो म्हणायचा आणि मला खरं वाटायचं. आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. सासरे गेल्यावर सासूबाई हिमायतनगरजवळचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. मामींनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्यांचे देव मांडले. मी हात जोडत नाही, त्या जोडायला सांगत नाहीत, आणि त्यांच्या हातचा प्रसादाचा शिरा मी दोनदा मागून खाते. असं आमचं चाललं होतं.

चप्पल पायात राहीना

पोट बिघडलं होतं, ते बरं झालं. त्यानंतर काही दिवसांनी तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. ग्रंथालयाचा जिना उतरताना चप्पल पायातून निसटली, मी हसले. पुन्हा निसटली. संध्याकाळी कणीक मळताना मूठ आवळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीतून उठायला गेले तर पाय म्हणून काही खाली नव्हतंच. दिगंबरनं उचलून रिक्षात बसवलं. गल्लीतले लोक बघत होते आणि मला लाज वाटत होती. भीती अजून यायची होती.

डॉक्टर तरुण होते, दमलेले दिसत होते. त्यांनी एका गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. दुसऱ्यावर मारली. मग हातोडी खाली ठेवून त्यांनी खुर्ची जवळ ओढली. डॉक्टर उभ्या-उभ्या बोलायचं सोडून खुर्ची ओढतो तेव्हा माणसानं समजावं.

"तुमच्याच शरीराची फौज चुकून तुमच्या नसांवर उलटलीय," ते म्हणाले. "यातून बहुतेक लोक उठून चालतात. पण आधी वाढेल. श्वासापर्यंत जाऊ शकतं."

"माझं काय चुकलं?" मी विचारलं.

"काहीच नाही. हे नीट लक्षात ठेवा. लोक वेगळं सांगतील."

लोकांनी वेगळंच सांगितलं.

आत

वाढत वाढत ते श्वासापर्यंत गेलं. घशात नळी घातली, यंत्र लावलं, नंतर गळ्याला भोक पाडून तिथून श्वास दिला. हात गेले, चेहरा गेला, पापण्या पूर्ण मिटेनात. डोळ्यांची बुबुळं तेवढी माझ्या ताब्यात राहिली. कान शाबूत, डोकं शाबूत. पायावर चादर सरकली तरी विस्तव ठेवल्यासारखं दुखायचं, आणि ते सांगायला काही नव्हतं.

बाहेर बसणाऱ्यांना मला हे सांगायचंय: आतल्या माणसाला सगळं ऐकू येतं. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून "हिचं काही खरं न्हाई" म्हणू नका. मला ते ऐकू आलंय.

दिवसाचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी दोन मावश्या येऊन अंग पुसायच्या, कुशीवर वळवायच्या. नळीतला कफ यंत्रानं ओढून काढायचे, तेव्हा जीव वर यायचा. मग पोटात गेलेल्या नळीतून पातळ जेवण. एक सिस्टर होती, ती ड्युटीवर आली की आधी माझे केस विंचरायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. केसांतून फणी फिरायची तेवढा वेळ मी पेशंट नसायचे, बाई असायचे. ओठांवर ओला कापूस फिरवणं, नाकावरची माशी हाकलणं, मान इंचभर सरळ करणं, असल्या गोष्टींवर मी दिवस काढले.

भीतीबद्दल खरं सांगते. कफ साठून श्वास अडकायचा आणि यंत्र टिटी करत कुणाला तरी बोलवायचं, तेवढ्या अवधीत माणूस कुणाचा तरी धावा करतोच. शेजारच्या पलंगावरचे आजोबा "विठ्ठला, विठ्ठला" करायचे. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना हाक मारायला नाव होतं. मी शोधलं, मला सापडलं नाही. या आजारानं मला देव दिला असं मी लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मी यंत्राचा आवाज मोजत पडून राहायचे, कुणीतरी येईल म्हणून. आणि कुणीतरी यायचं.

डोळे वर, डोळे बाजूला

मामींना आत यायची परवानगी मिळाली त्या दिवशी सिस्टरनं त्यांना शिकवलं, "डोळे वर नेले की हो. बाजूला नेले की नाही. एका वेळी एकच विचारा."

बाकीचे येऊन माझ्याशी बोलायचे. लवकर बरी हो, धीर सोडू नको, आम्ही आहोत. मामी विचारायच्या. "पाय दुखायलेत?" वर. "उजवा?" बाजूला. "डावा?" वर. "चादर काढू का?" वर. चादर निघाली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "कामून रडायलीस, माय? आनखी दुखायलं?" बाजूला. मग त्या काही न विचारता पाणी पुसत बसल्या.

अंगारा

माझी नणंद सुमनताई किनवटला असते. ती येताना वाट वाकडी करून माहूरला गेली, रेणुकामातेचा अंगारा घेऊन आली. भेटायच्या वेळेत आत आली, दिगंबर तिच्या मागं. माझी अवस्था बघून ती हंबरडा फोडून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "इतकी वर्षं घरात राहून देवीपुढं कधी हात जोडले न्हाई. आई कोपली, दुसरं काय! आता तरी पदर पसर गं तिच्यापुढं."

पदर पसरायला हात कुठं होते? तिनं पुडी सोडली आणि माझ्या कपाळावर अंगारा चोळला. त्यातला थोडा डोळ्यात पडला. पापणी मिटत नव्हती. डोळा पेटल्यासारखा झाला, मी बुबुळं बाजूला नेली, बाजूला, बाजूला. ती म्हणाली, "बघ, डोळे फिरवून राहिली, अंगारा लागू पडला." दिगंबरला ती खूण ठाऊक होती. तो फरशीकडं बघत उभा होता.

सिस्टरनं येऊन डोळा धुतला. आग थांबली. फरशीकडं बघणारा माझा नवरा मात्र डोळ्यांपुढून हलेना.

दोन-तीन दिवसांनी तो एकटा आला. खिशातून लाल-पिवळा दोरा काढला, माझ्या मनगटाला बांधला आणि वरून चादर ओढली. माझ्या डोळ्यांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणूनच बघितलं नाही. आयुष्यात कुणाचा एवढा राग मला आला नव्हता. देवीचा काय संबंध? मी अजून जिवंत होते आणि माझ्या जन्माच्या जोडीदारानं मला न विचारता माझ्या वतीनं हात जोडले होते.

दुसऱ्या दिवशी मामी आल्या. चादर सारखी करताना त्यांना दोरा दिसला.

"कोन बांधला? सुमनीनं?" बाजूला. "दिगूनं?" वर.

मामी थोडा वेळ दोऱ्याकडं बघत राहिल्या. तो त्यांच्या देवीचा होता. त्यांनी तो कपाळाला लावला असता, माझ्या जागी असत्या तर.

"तुला पायजे का?"

मी डोळे बाजूला नेले.

"बरं." त्यांनी कातरी मागितली नाही, देवीचा दोरा कापत नसतात. म्हातारी नखांनी गाठ सोडवत बसली. भेटीची वेळ संपली म्हणून सिस्टर आली, तिला म्हणाल्या, "थांब गं बाई, जराशी ऱ्हायली." गाठ सुटली. दोरा डोळ्यांना लावून त्यांनी आपल्या पदराच्या टोकाला बांधला. "ह्यो माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मला पायजे."

बाहेर जाऊन त्या दिगंबरला काय बोलल्या ते सिस्टरनं मला नंतर सांगितलं. "तिला बोलता येईना म्हून ती न्हाई, असं समजू नकोस. इचारायचं. ती हाव म्हनली तर गाडाभर अंगारा लाव."

त्या दिवसापासून भेटीच्या वेळेत मामी दाराशी स्टूल टाकून बसायच्या. गावाकडचे कुणी पुडी, कुणी तीर्थ, कुणी लिंबू घेऊन यायचे. मामी सगळं घ्यायच्या, कपाळाला लावायच्या, पिशवीत ठेवायच्या. "पोचलं म्हना. ती घेत न्हाई, तिच्या वाटचं मी घेते."

चहा

आधी उजवा अंगठा हलला. मग खांदा. मग एक दिवस यंत्र थोडा वेळ बंद करून बघितलं आणि माझा मी श्वास घेतला, ओझं उचलावं तसा एकेक. गळ्यातली नळी काढून भोक झाकलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काहीतरी बोला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी म्हणाले, "चहा."

मामी हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. सिस्टरनं चमच्यानं चहा पाजला. गोड फार होता. असा चहा मी परत कधी प्यायले नाही.

सुमनताई

घरी सोडलं तेव्हा मी उठून बसू शकत होते, एवढंच. दिगंबरची शाळा, आमची लेक पुण्याला शिकायला, मामींचं वय झालेलं. कोण करणार? किनवटहून सुमनताई बॅग भरून आली. सून घर सांभाळते म्हणाली, आणि राहिली.

तिनं माझं सगळं केलं. भांडं दिलं, धुतलं, न्हाऊ घातलं. व्यायाम शिकवायला बाई यायची, तिनं सांगितलेला प्रत्येक व्यायाम ताई दिवसातून कितीदा करून घ्यायची. पायांना तेल चोळताना तोंडानं देवीचं नामस्मरण चालू. पहिल्या दिवशी एकदम थांबली. "तुला चालत न्हाई न? मनातल्या मनात करते."

"मोठ्यानं म्हणा, ताई. तुमच्या हाताला लय येते."

ती लाजली. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "अंगारा डोळ्यात गेला होता म्हणे. मला काय ठाऊक! मी तर आनंदानं घरी फोन केला, वहिनी डोळे फिरवून राहिली म्हणून."

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू नको म्हटली असती."

"मग?"

तिनं विचार केला. "मग काय, लावता आला नसता," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मामी बघायला आल्या. गळ्याला भोक पडलेल्या बाईला हसताना फार त्रास होतो. तरी हसलो.

देवी कोपली म्हणणारी हीच बाई, आणि माझी घाण काढणारी हीच. यातली एक खरी आणि दुसरी खोटी असं मला ठरवता आलं नाही. मी ठरवायचं सोडून दिलं.

माझे पाय

दिगंबरशी मात्र मी नीट बोलत नव्हते. औषध दे, खिडकी लाव, एवढंच. मी वॉकर धरून अंगणापर्यंत जायला लागले त्या संध्याकाळी तो जवळ येऊन बसला.

"एक सांगायचंय. मी माहूरला गेलो होतो. दोरा आणला तेव्हाच. बोललोय मी."

"काय?"

"तू बरी झालीस तर तुला पायऱ्या चढवून दर्शनाला आणीन."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "माझे पाय तू बोललास? मला न विचारता?"

"तुला कुठून विचारणार होतो?"

"डोळे होते ना मला! तू बघितलं का त्यांच्याकडं?"

तो रडायला लागला. "बघवत नव्हतं गं. आई विचारायची, तू उत्तर द्यायचीस. मला वाटायचं, मी विचारलं आणि तू म्हणालीस, आता पुरे, तर? मला कुणाकडं तरी मागायचं होतं. गणितात कुणी नसतं. तिथं गेलो, हात आपोआप जोडले गेले. आणि खरं सांगू? आता सुटत नाहीत."

माझा नवरा आता देव मानत होता. आजारानं माझे पाय नेले आणि परत आणून दिले, पण या एका बाबतीत माझ्यासोबत होता तो माणूस नेला. ज्यांना हे फार मोठं वाटत नाही त्यांनी एवढंच समजावं, की गर्दीत आपण दोघंच असतो आणि एके दिवशी आपण एकटेच असतो.

दुसऱ्या दिवशी मामी शेंगा निवडत बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"मी काय करू, मामी?"

"नवस त्यानं बोलला, त्यानं फेडावा. तुझे पाय तुझे हायेत."

"देवी कोपेल ना त्याच्यावर?"

"ती काय सावकार हाय?" मामी चिडल्या. "म्याबी बोलले तिला. खनानारळानं ओटी भरीन म्हनलं. पन माझ्याकडून. दुसऱ्याच्या अंगावर बोलू नये मानसानं."

मी विचारलं, "तुम्ही माझ्यासोबत इतकी वर्षं कशी काढली?"

त्या निवडायच्या थांबल्या. "पैल्यांदा लई रडले. शेजारणी म्हनायच्या, तुझ्या घरात बिनदेवाची सून आली. मग माझ्या डोळ्याचं आप्रेशन झालं. पट्टी होती, दिसत नव्हतं. तू रोज सकाळी देव धुवून, एकेक माझ्या हातात द्यायचीस. ह्यो बाळकृष्ण, ह्यो खंडोबा, ही अन्नपूर्णा. हात जोडत नव्हतीस, पन एकदाबी चुकलं न्हाई. मला वाटलं, ही देवाला मानत न्हाई, पन मला मानते. मग कशाला रडायचं? दिगूचंबी तसंच कर की. त्याचा देव असू दे. त्याला धर."

फोन

मी दिगंबरला म्हणाले, मी येणार नाही. तू जा. तुझं तुलाच सांगावं लागेल.

तो पहाटेच्या एसटीनं गेला. सुमनताईनं दशम्या बांधून दिल्या, मामींनी ओटीचं सामान दिलं. मी वॉकर धरून फाटकापर्यंत गेले. तो म्हणाला, आत जा, दमशील. मी म्हणाले, दमू दे.

दुपारी मी दिवाणावर पडून मऊ चेंडू दाबायचा व्यायाम करत होते. फोन वाजला. मागं घंटा, माणसं, पुजाऱ्याचा आवाज.

"वर आलोय," तो म्हणाला. "दारात उभाय. रांग पुढं चाललीय. काय बोलू कळेना. नवस पुरा झाला म्हणू, तर तू आली नाहीस. झाला नाही म्हणू, तर तू बरी आहेस."

"मला विचारतोस?"

"मग कुणाला विचारू?"

मला घरात कुणी बघत नव्हतं. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"सांग, ती यायला नाही म्हणाली. तिची मर्जी. पण सकाळी फाटकापर्यंत चालत आली होती."

"असंच सांगू?"

"खरं तेच सांग की. तिथं तरी."

तो हसला, की रडला, गर्दीत समजलं नाही. मग त्याचा आवाज थांबला. फोन त्यानं कट केला नव्हता, बहुतेक खिशात टाकला असावा. कापडाची सळसळ, घंटा, कुणाचं तरी मूल रडत होतं.

स्वयंपाकघरातून मामींनी विचारलं, "काय म्हनतो दिगू?"

"थांबा," मी म्हणाले. "बोलायलाय."